रथ केव्हा बदलावा

लांब पल्ल्याच्या प्रवासाला साजेशी मोटारसायकल सापडेपर्यंत एकामागून एक गाड्या बदलत राहणे हे विवेकाचे लक्षण मानावे की तृष्णेचे, हा प्रश्न वरकरणी छंदाचा किंवा फार तर घरखर्चाचा वाटतो. परंतु साधन आणि साधक यांच्या परस्परसंबंधाविषयी भारतीय दर्शनांनी जे प्रश्न शतकानुशतके चर्चिले, त्यांच्याच पंक्तीत तो बसतो. साधन जुळत नसेल तर साधन बदलावे की साधकाने स्वतःला बदलावे, साधनाची योग्यता आधी ठरवता येते की ते वापरल्यावरच कळते, आणि सोयीचा शोध घेणारे मन नेमके कोठे सोयीचे दास होते, हे तिन्ही प्रश्न ध्यानासाठी आसन निवडणाऱ्या साधकापुढे होते आणि आज सीटची उंची, टाकीची क्षमता व इंजिनाची थरथर यांचा विचार करणाऱ्या प्रवाशापुढेही आहेत. येथे हा प्रश्न पांढरकवडा या गावाच्या संदर्भात तपासला आहे, आणि त्याला कारण आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पांढरकवडा हे कापूस आणि तुरीच्या मुलखातले गाव श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,७०० किलोमीटर जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. नव्या क्रमांकनापूर्वी हाच रस्ता वाराणसी ते कन्याकुमारी जाणारा महामार्ग ७ म्हणून ओळखला जाई, आणि जुनी माणसे अजूनही त्याला सात नंबरच म्हणतात. उत्तरेला करंजी, वडकी, हिंगणघाट करीत तो नागपूरला पोहोचतो. दक्षिणेला पाटणबोरी ओलांडली की पैनगंगा लागते आणि पुलापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. काश्मीर ते कन्याकुमारी करणारे रायडर, म्हणजे मोटारसायकलवरून दूरचा प्रवास हेच उद्दिष्ट ठेवून निघणारे प्रवासी, येथील ढाब्यांवर चहाला थांबतात. त्यांच्या सामान लादलेल्या गाड्या पाहूनच एमएच-२९ पाटीच्या गाड्या चालवणाऱ्या येथील अनेक तरुणांना दूर जाण्याची ओढ लागते. देशाचा कणा म्हणावा असा रस्ता दारावरून जात असताना केवळ वणी-यवतमाळच्या फेऱ्या मारून समाधान मानणे कठीण असते, आणि ही ओढ मुळातच सदोष आहे असे मानण्याचे कारण नाही.

या ओढीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. शेतीच्या आणि नोकरीच्या कामासाठी घरात १०० ते १२५ सीसीची गाडी आधीपासून असते; पहिला दूरचा प्रवास तिच्यावर होतो आणि त्यात कंबर धरते. मग १९५५ पासून मद्रासमध्ये तयार होत आलेल्या बुलेटच्या घराण्यातील ३५० सीसीची गाडी येते. जुन्या घडणीच्या एकसिलिंडर बुलेटवर ताशी ७० ते ८० किलोमीटरला जो ठेका सुखाचा वाटतो, तोच शंभराच्या आसपास थरथरीत बदलतो. हिंगणघाटच्या पुढे तळहातांना मुंग्या येऊ लागतात आणि नागपूरला उतरल्यावर चहाचा कप नीट धरवत नाही. त्यावर उपाय म्हणून क्रूझर घेतली जाते, म्हणजे पाय पुढे टाकून, पाठ किंचित मागे ठेवून बसण्याची गाडी. २०२० साली आलेल्या मिटिऑर ३५० च्या इंजिनात थरथर कमी करण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने निर्माण होणारे धक्के उलट फिरणाऱ्या वजनाने शमवणारा दांडा, बसवलेला आहे, आणि तिची सीट जमिनीपासून अवघी ७६५ मिलिमीटर उंच आहे. मुंग्या थांबतात, पण पाय पुढे असल्याने खड्ड्यात शरीराचा भार तळव्यांवर घेता येत नाही, तो सगळा माकडहाडावर येतो. म्हणून ॲडव्हेंचर जातीची गाडी पाहिली जाते, जिच्यावर पाठ ताठ राहते आणि खराब रस्त्यावर उभे राहून चालवता येते. चाकणला तयार होणाऱ्या, २०२० साली भारतात आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची सीट ८५५ मिलिमीटरवर होती. क्रूझरहून ती ९० मिलिमीटरने, म्हणजे साडेतीन इंचांनी उंच. मध्यम उंचीच्या माणसाचे पंजे तीवरून कसेबसे टेकतात, आणि मागे सामान बांधलेले असताना पेट्रोल पंपाच्या उतारावर गाडी एकदा कलली की ती सावरताना कमरेचा आणि आत्मविश्वासाचा एकदमच कस लागतो. पुढे कोणी ६४८ सीसीच्या जोडसिलिंडर इंटरसेप्टरकडे वळतो, कोणी ४५२ सीसीच्या हिमालयनकडे, आणि कोणी ‘ही झेपत नाही’ म्हणत पुन्हा ३५० वर येतो.

प्रत्येक बदलाने एक दुःख जाते आणि दुसरे येते, हे पाहून या साऱ्या धडपडीला भ्रम ठरवणे सोपे आहे. परंतु येथे जो पदार्थ शोधला जात आहे त्याचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी वैशेषिक दर्शनाइतके उपयोगी दुसरे दर्शन नाही. कणादाने प्रवर्तित केलेल्या या दर्शनात जगातील पदार्थांचे वर्गीकरण आहे, आणि त्यात ‘संयोग’ हा एक गुण मानला आहे. पूर्वी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचे एकत्र येणे म्हणजे संयोग. रंग किंवा वजन हे गुण एकाच द्रव्यात राहतात. संयोग मात्र एकाच वेळी दोन द्रव्यांवर राहतो, आणि दोहोंपैकी एक जरी दूर झाले तरी तो नाहीसा होतो. गाडी अंगाला बसणे ही गोष्ट याच जातीची आहे. ती गाडीत नाही आणि चालवणाऱ्यातही नाही, दोहोंवर मिळून आहे. म्हणून ‘टुरिंगसाठी सर्वांत चांगली गाडी कोणती’ या प्रश्नाला उत्तर मिळू शकत नाही. दोघांवर राहणारी गोष्ट एकाच्याच ठिकाणी शोधली जात असेल तर शोध कितीही प्रामाणिक असला तरी तो संपत नाही, आणि येथील अनेकांच्या अस्वस्थतेचे मूळ या ज्ञानाच्या दोषात आहे, लोभात नव्हे.

वैशेषिकांनी संयोगाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि ते या विषयाला विलक्षण लागू पडतात. पहिला, दोहोंपैकी एकाच्याच हालचालीने होणारा. स्थिर खांबावर ससाणा येऊन बसतो, हे त्याचे परंपरागत उदाहरण. दुसरा, दोघांच्याही हालचालीने होणारा; दोन मल्ल एकमेकांना भिडतात तसा. तिसरा, एका संयोगातून उत्पन्न होणारा दुसरा संयोग. हाताचा पुस्तकाशी संयोग झाला की त्यातून शरीराचा पुस्तकाशी संयोग होतो. स्वतः खांबासारखा अचल राहून गाड्यांनीच एकामागून एक येऊन बसावे अशी अपेक्षा धरणारा रायडर पहिल्याच प्रकारात अडकलेला असतो. बसण्याची ढब, खांदे सैल सोडण्याची सवय, दर तासाला उतरून पाय मोकळे करण्याची शिस्त, वेगाचा हट्ट यांपैकी काहीच तो बदलत नाही. टिकाऊ संयोग बहुधा मल्लांच्या प्रकारचा असतो: गाडीचे हँडल थोडे वर आणले जाते, सीटमधील फोम बदलला जातो, आणि त्याच वेळी चालवणारा हँडलवरची मूठ सैल करून टाकीला गुडघ्यांनी धरायला शिकतो. तिसरा प्रकार तर मोटारसायकलीच्या रचनेचे वर्णनच वाटावा असा आहे, कारण माणूस गाडीला मुख्यतः तीन ठिकाणी भेटतो, हँडलवर, सीटवर आणि फूटरेस्टवर, आणि या तीन लहान संयोगांतून संपूर्ण देहाचा गाडीशी संयोग होतो. अभियंते या तीन बिंदूंच्या त्रिकोणाचाच विचार करून गाडीची बैठक ठरवतात. बैठकीचा दोष पुष्कळदा त्रिकोणाच्या एकाच कोनात असतो आणि बदलली जाते ती मात्र संपूर्ण गाडी.

याच चर्चेत नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे, ती अशी की संयोग आपल्या आश्रयाला पूर्णपणे व्यापत नाही. झाडावर माकड बसले आहे असे म्हणतो तेव्हा माकडाचा संयोग फांदीच्या ठिकाणी असतो आणि बुंध्याच्या ठिकाणी नसतो, तरीही झाड एकच असते. गाडी जुळली असे म्हणतानाही ती कोठे जुळली हे सांगावे लागते. हैदराबादपर्यंतच्या सरळ चौपदरी रस्त्यावर जी जुळते ती माहूरगडाच्या चढणीवर जुळेलच असे नाही. डिसेंबरच्या सकाळी जी सुखाची वाटते तिचेच इंजिन मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, मांडीला चटके देते. सर्व ठिकाणी, सर्व काळी जुळणारी गाडी शोधणे म्हणजे संयोगाकडून अशी व्याप्ती मागणे होय, जी त्याच्या स्वभावातच नाही.

बैठकीचा प्रश्न योगदर्शनानेही फार नेमकेपणाने हाताळला आहे. पतंजलींनी आसनाचे लक्षण सांगताना स्थैर्य आणि सुख या दोनच अटी घातल्या, आणि पुढच्याच सूत्रात ते साधते कसे याचे उत्तर दिले: प्रयत्न शिथिल केल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन अशी आसनांची नावे येतात, त्यांत आधार घेऊन बसण्याच्या आसनालाही स्थान आहे, आणि यादीच्या शेवटी ज्याला जसे सुख होईल तसे, अशी मोकळीकही दिलेली आहे. म्हणजे देहादेहांत फरक असतो आणि आसनाची निवड देहाला विचारून करावी, हे भाष्यकाराला मान्य आहे. सोय शोधणे म्हणजे कमकुवतपणा, हा समज योगशास्त्राच्या आधाराने टिकत नाही. मात्र त्याच शास्त्रात सुखाचे प्रयोजनही ठरवून दिले आहे. आसन सिद्ध झाले म्हणजे शीत-उष्णादी द्वंद्वे आघात करीत नाहीत आणि साधक प्राणायामाकडे, पुढे ध्यानाकडे वळतो. देहाकडे लक्ष राहू नये यासाठी देहाची सोय. दूरच्या प्रवासातही जुळलेल्या गाडीची खरी खूण हीच आहे: गाडीचा विसर पडतो, आणि मग शेतात वेचणीला वाकलेल्या बायका, पैनगंगेचे पात्र, निर्मळकडे उतरताना लागणारे सागाचे जंगल हे सारे दिसू लागते. दर थांब्यावर गाडीचेच गुणदोष चघळले जात असतील, तर आसन अजून साधलेले नाही असे समजावे.

मग विचारपूर्वक निवड करून पहिल्याच खेपेला योग्य गाडी घेता येणार नाही का, असे विचारले जाईल. येथे ज्ञानाच्या साधनांचा, म्हणजे प्रमाणांचा विचार करावा लागतो. शोरूममधून दोन-चार किलोमीटरची टेस्ट राइड मिळते. ते प्रत्यक्ष खरे, पण ते दोन-चार किलोमीटरांचेच प्रत्यक्ष आहे. माकडहाडाचे दुखणे तिसऱ्या तासाला सुरू होते, आणि जे अजून घडलेच नाही त्याचे प्रत्यक्ष होत नाही. अनुमान करावे तर त्याला व्याप्ती लागते, म्हणजे जेथे जेथे हे तेथे तेथे ते असा अव्यभिचारी संबंध. आणि एवढ्या उंचीच्या सीटवर अमुक उंचीचा माणूस सुखी असतोच, असा नियम बांधता येत नाही, कारण पायांची लांबी, पाठीचे जुने दुखणे, मनगटातली ताकद हे प्रत्येकाचे वेगळे. उरते शब्दप्रमाण, अर्थात आप्ताचे, म्हणजे विश्वसनीय जाणकाराचे वचन. अनुभवी रायडर खोटे बोलत नाही, पण तो स्वतःच्या देहाविषयी खरे बोलतो. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावरून घेतलेली गाडी न जुळणे हा घेणाऱ्याचा मूर्खपणा मानू नये. काही ज्ञान केवळ सहवासातूनच मिळते आणि त्याची किंमत आधी मोजावी लागते; या अर्थाने दोन-तीनदा गाडी बदलणे हा शोधाचाच भाग ठरतो. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले, आणि मागच्या गुरूला कमी लेखून त्याने पुढचा गुरू केला नाही. ज्या दत्तपरंपरेशी ही कथा जोडली जाते तिचे माहूर हे निद्रास्थान पांढरकवड्याच्या माणसाला परके नाही. हात बधिर करणाऱ्या बुलेटने आपली सहनशक्ती किती आहे हे शिकवले, एवढे जरी मालकाला कळले असेल, तरी ती वाया गेली नाही.

येथपर्यंत बदलाची बाजू मांडली. तृष्णेचा आक्षेप मात्र याने संपत नाही, आणि तो बाहेरून आणावा लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि दोनच दिवसांनी चंद्रपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाच्या या भागात बुद्धविचार ग्रंथांत राहिला नाही, तो घराघरांत आला. बौद्ध विचारात तृष्णा तीन प्रकारची मानली आहे: इंद्रियसुखाची, काहीतरी होण्याची, आणि असलेले नाहीसे करण्याची. मोटारसायकलीच्या बाबतीत पहिलीवरच बोट ठेवले जाते, पण खरी प्रबळ असते ती दुसरी, भवतृष्णा. ॲल्युमिनियमच्या पेट्या लावलेली उंच गाडी घेणाऱ्याला पुष्कळदा गाडी नको असते. ती गाडी चालवणारा जो कोणी आहे, तो व्हायचे असते. गाडी दारात आली तरी तो माणूस काही आपण झालो नाही, हे महिन्याभरात लक्षात येते, आणि दोष गाडीवर टाकला जातो. थरथर कमी करणारा शाफ्ट आहे. या दुःखावर मात्र कोणत्याही कारखान्यात उपाय निघालेला नाही. याच संदर्भात हेही नोंदवले पाहिजे की आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रपर ग्रंथात बुद्धाला दारिद्र्याचा गौरव करणारा म्हणून रंगवलेले नाही. संपत्ती असण्याला विरोध नसून ती विनयाच्या, म्हणजे शिस्तीच्या, अधीन असावी असा त्यांचा आशय आहे. चांगली गाडी हवीशी वाटणाऱ्या कष्टकरी कुटुंबातील तरुणाला वैराग्याचे पाठ देणाऱ्यांनी हा भेद अवश्य लक्षात घ्यावा.

शोध आणि तृष्णा यांची सीमारेषा कोठे आहे, याचे उत्तर पाली वाङ्मयातील एका सुत्तात फार सुंदर रीतीने आले आहे. मज्झिमनिकायातील चोविसाव्या, रथविनीत नावाच्या सुत्तात सारिपुत्त आणि पुण्ण मंतानिपुत्त या दोन भिक्षूंचा संवाद आहे. ब्रह्मचर्य कशासाठी आचरायचे, शीलशुद्धीसाठी की चित्तशुद्धीसाठी की ज्ञानशुद्धीसाठी, असे सारिपुत्त एकेक पायरी घेऊन विचारतात, आणि पुण्ण प्रत्येक वेळी नाही म्हणतात. शेवटी ते कोसलराजा पसेनदीचे उदाहरण देतात. राजाला श्रावस्तीहून साकेतला तातडीने जायचे असते. वाटेत सात रथ टप्प्याटप्प्याने उभे केलेले असतात. पहिल्या रथात तो राजवाड्याच्या दारात बसतो, दुसऱ्यापाशी पोहोचला की पहिला सोडतो, आणि असे करीत सातव्या रथाने साकेतच्या वाड्याच्या दारी उतरतो. तुम्ही याच रथाने श्रावस्तीहून आलात का, असे साकेतमध्ये कोणी विचारले तर एका रथाचे नाव सांगून चालणार नाही. प्रत्येक शुद्धी पुढच्या शुद्धीपर्यंत नेण्यासाठी असते आणि सर्वांचे पर्यवसान निर्वाणात असते, हा पुण्णांचा अभिप्राय.

वाहन बदलण्याविषयी इतका स्वच्छ विचार क्वचितच कोणी मांडला असेल. राजा एका प्रवासात सहा वेळा रथ सोडतो आणि तरीही त्याच्या वागण्यात चंचलतेचा लेशही नाही, कारण साकेत ठरलेले आहे. सोडलेल्या रथात खोट होती असे सुत्त म्हणत नाही; त्याचा टप्पा संपला, एवढेच. याउलट साकेत न ठरवता श्रावस्तीच्या वेशीभोवतीच सातही रथ फिरवून पाहणारा राजा कोठेच पोहोचणार नाही, मग रथ कितीही उत्तम असोत. पांढरकवड्यात असे दोन्ही राजे भेटतात. ज्याला दरवर्षी कापसाचा हंगाम आटोपला की आठ दिवस दक्षिणेत जायचे आहे, जो सोबत पत्नीला नेतो, ज्याला दिवसाला ४०० किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, तो गाडी बदलतो तेव्हा त्याला कारण नेमके सांगता येते: मागच्या सीटला आधार नव्हता, किंवा टाकी लहान असल्याने आडवाटेला पेट्रोलची धास्ती वाटे. दुसऱ्याला कारण विचारले तर तो नव्या गाडीचे वर्णन करतो. जुन्या गाडीवर रस्त्यात नेमके काय दुखले, हे ज्याला एका वाक्यात सांगता येत नाही, त्याची गाडी बदलण्याची वेळ अजून आलेली नाही.

हेतूची ही कसोटी धर्मशास्त्रालाही ठाऊक होती. तीर्थयात्रा पायी करावी, वाहनाने गेल्यास फळ घटते, असे मत निबंधग्रंथांतून आढळते; परंतु मत्स्यपुराणात प्रयागयात्रेच्या संदर्भात हा निषेध सांगताना ऐश्वर्य, लोभ आणि मोह ही तीन कारणे जोडलेली आहेत. या तिहींपैकी एखाद्यामुळे वाहनात बसणाऱ्याची यात्रा निष्फळ होते. दोष चाकांना चिकटलेला नाही, तो बसणाऱ्याच्या मनात आहे, असा याचा अर्थ घेणे सयुक्तिक आहे. लोभ म्हणजे आणखी हवे; मोह म्हणजे यंत्रच प्रवास घडवील हा समज; आणि ऐश्वर्य म्हणजे आपण वरचे आहोत हे दाखवणे, जे ढाब्यावर गाड्या ओळीने लागल्या की सहज डोके वर काढते. आधुनिक राज्यसंस्थेने मात्र सीमा मनात न आखता इंजिनात आखली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि त्यापुढील दुचाकींवर ४० टक्के आहे. म्हणजे ३४९ सीसीची गाडी गरजेच्या बाजूला आणि ४५२ सीसीची चैनीच्या. महसुलासाठी अशी रेघ लागतेच. नीतीसाठी ती अपुरी आहे, कारण ३४९ सीसीची गाडीही ऐश्वर्यासाठी घेता येते आणि ४५२ सीसीचीही देहाच्या खऱ्या गरजेसाठी.

गृहस्थाच्या बाबतीत या चर्चेला आणखी एक बाजू आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कर्जाने मोडलेल्या शेतकरी कुटुंबांचे दुःख या जिल्ह्याने जेवढे पाहिले तेवढे महाराष्ट्रात फार थोड्या जिल्ह्यांनी पाहिले असेल. हप्त्यावर घेतलेली गाडी हप्ते फिटण्याआधीच बदलायची म्हणजे बँकेचे ना-हरकत पत्र, बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, विम्यावरील नावबदल, आणि या साऱ्यानंतर जुन्या गाडीच्या पडत्या किमतीतून आणि नव्या गाडीच्या चढत्या हप्त्यातून निघणारा तोटा. पुरुषार्थविचारात काम आणि अर्थ यांना धर्माची मर्यादा घातली ती अशाच प्रसंगांसाठी. ज्या बदलाचा भार कापसाच्या पैशावर, मुलांच्या फीवर किंवा आईच्या औषधांवर पडणार असेल, तो देहाच्या दृष्टीने कितीही उचित असला तरी धर्माच्या दृष्टीने अनुचित आहे. तेथे सीटचा फोम बदलून भागवणे हेच कर्तव्य ठरते.

एकाच यंत्राशी दीर्घकाळ राहण्याची बाजू रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या झेन आणि मोटारसायकल दुरुस्तीविषयीच्या ग्रंथात मांडली. पिर्सिग यांनी काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले होते, आणि ज्या प्रवासावर ग्रंथ आधारलेला आहे तो त्यांनी १९६८ साली मुलाला मागे बसवून ३०५ सीसीच्या होंडावर केला, म्हणजे आज ज्या आकाराच्या गाडीला ‘टुरिंगला कमी पडते’ म्हणून नाके मुरडली जातात त्या आकाराच्या. यंत्राची निगा स्वतः राखण्यात यंत्र आणि माणूस यांच्यातील दुरावा मिटतो, हे त्यांचे प्रतिपादन मोलाचे आहे. गाडीचा आवाज किंचित बदलला की चेन सैल झाली की व्हॉल्व्हचे अंतर वाढले हे ओळखणारा कान वर्षा-दोन वर्षांच्या सहवासाने तयार होतो, आणि सतत गाड्या बदलणाऱ्याला तो कधीच लाभत नाही. परंतु सोबतीचे हे सुख ज्या गाडीवर देह मुळातच दुखतो तिच्याशी निष्ठेने राहण्याची सक्ती करू शकत नाही. निगा ही संयोगानंतरची गोष्ट आहे.

योग्य जागेचा शोध हा जीवमात्राचा स्वभाव आहे, याचे एक उदाहरण याच तालुक्याने दिले. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ साली तेथून निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून शेते, नाले, महामार्ग ओलांडीत सुमारे नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. वाटेतली कित्येक जंगले त्याने सोडली. त्याच्या शोधात प्रतिमेचा अंश नव्हता. भक्ष्य, पाणी आणि आडोसा या गरजा होत्या. दुसऱ्या टोकाला आहे ती विदर्भातच रुजलेल्या महानुभाव पंथाची नित्याटनाची शिस्त, ज्यात संन्याशाने ओळखीच्या आणि सोयीच्या गावाची ओढ सोडून फिरत राहावे असे सांगितले आहे. ही शिस्त पंथाने संन्याशासाठी घातली. वासनिकाला, म्हणजे घर सांभाळून पंथ पाळणाऱ्या अनुयायाला, तिची सक्ती केली नाही. मोटारसायकलवरचा प्रवासी हा वासनिक आहे. त्याने सोय शोधावी, पण शोधाला शेवट असू द्यावा.

या दृष्टीने पांढरकवडा, वणी, यवतमाळ आणि आदिलाबाद येथील रायडरांना एक विनंती करावीशी वाटते. नव्या गाडीचा विचार मनात आला की तशी गाडी ज्याच्याकडे आहे त्याच्याशी एका दिवसापुरती अदलाबदल करावी, दोघांनीही आरसी, विमा आणि परवाना तपासून घ्यावा, आणि पहाटे निघून पैनगंगा ओलांडून निर्मळच्या महबूब घाटापर्यंत जाऊन संध्याकाळी परत यावे. गाडी देणाऱ्याने हात आखडता घेऊ नये. विक्रेत्यांनीही टेस्ट राइड दोन-चार किलोमीटरांवर न थांबवता, अनामत घेऊन का होईना, एका पूर्ण दिवसाची द्यावी. आणि घेणाऱ्याने कर्जाच्या कागदावर सही करायची ती त्या संध्याकाळी कंबर काय म्हणते ते ऐकूनच करावी.